घरी भरलेल्या कॅसेट कशा वाचवायच्या

कपाटावरचं कॅसेटचं खोकं खाली काढलंत की आधी दोन ढीग करा. एकात दुकानातून आणलेल्या, छापील कव्हरच्या. दुसऱ्यात कोऱ्या कॅसेटवर घरी भरलेल्या, ज्यांच्या कागदावर कुणीतरी बॉलपेनने ‘मिक्स’, ‘टीव्ही’, ‘छायागीत’ किंवा नुसतं ‘बाबा’ असं लिहून ठेवलंय. काम या दुसऱ्या ढिगापासून सुरू करायचं. एचएमव्ही किंवा टी-सीरिजची कॅसेट हजारो घरांत गेली, तिच्यातली गाणी आज फोनवर मिळतात. टीव्हीसमोर टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र) ठेवून तुमच्या घरात भरलेली कॅसेट जगात एकच आहे.

मी पुण्यात वाढले. मुंबई दूरदर्शन आमच्याकडे सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे दिसायचं. गुरुवारचं चित्रपटगीतांचं छायागीत, येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी साप्ताहिकी, विनोदी प्रहसनांचा गजरा, प्रदीप भिडे आणि अनंत भावे यांच्या आवाजातल्या बातम्या, बुधवारी रात्री रेडिओवर अमीन सयानींची गीतमाला: माझं सगळं बालपण यात गेलं, आणि हे वेड अजूनही तितकंच आहे. आमच्या घरात जे आवडलं ते भरून ठेवलं जायचं. व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट भरायचं आणि बघायचं यंत्र, फार थोड्यांकडे होता. बाकी सगळ्यांचा संग्रह म्हणजे टीव्हीच्या स्पीकरपुढे धरलेला टेपरेकॉर्डर. तो संग्रह संगणकावर कसा उतरवायचा ते सांगते.

पहिली गरज चांगल्या डेकची, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राची. यूएसबीची वायर असलेले छोटे प्लास्टिकचे प्लेअर नवे मिळतात, पण त्यांचा वेग डळमळतो आणि आवाज पातळ येतो. त्यापेक्षा एखाद्या नातेवाइकाकडे पडून असलेला जुना म्युझिक सिस्टिमचा डेक मागून घ्या आणि दुरुस्त करून घ्या. बहुतेक वेळा आतले रबरी बेल्ट सैल झालेले असतात, तेवढे बदलले की यंत्र चालू लागतं. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर अजून जुन्या पेठांमध्ये आणि तालुक्याच्या गावांत बसतात. त्यांच्याकडे जा, मशीन समोर उघडायला सांगा आणि बघत थांबा. निम्मी विद्या तिथेच मिळते.

डेक आला की आधी सफाई. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा धातूचा तुकडा) आणि त्याच्या शेजारची बारीक धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेल, ती स्वच्छ निघेपर्यंत नव्या काड्या घेत राहा. टेप दाबून धरणारं रबरी चाक ओल्या कापडाने पुसलं तरी पुरतं, अल्कोहोलने रबर कडक होतं. कॅसेट लावण्याआधी सगळं पूर्ण वाळू द्या आणि दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा पुसा. जुन्या टेपवरची भुकटी हेडवर बसत राहते आणि आवाज हळूहळू मंद होतो.

आता कॅसेट बघा. खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत हे फार होतं. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. तिला वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. हे सगळं काम पावसाळ्यात काढूच नये, दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. बुरशी नसेल तर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. टेप मधे तुटली असेल तर साधी सेलोटेप लावायची नाही, तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो. टेप जोडायची खास चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. टेपला हेडवर दाबणारा छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर तीच टेप दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या प्लास्टिकच्या कवचात बसवता येते. चार कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच स्क्रू असतात. ज्या कॅसेटला स्क्रूच नाहीत त्या चिकटवलेल्या असतात, त्यांना अनुभवी हात लागतो.

कॅसेटमध्ये टेप जिथे उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्या दिसतील. त्या आधी तोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसून नवं भरलं जाणार नाही.

कॅसेटच्या लांबीकडेही लक्ष द्या. साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा नव्वदची टेप पातळ असते आणि एकशेवीसची तर फारच नाजूक, साधारण ९ मायक्रॉन जाडीची. ती वारंवार मागे-पुढे पळवू नका. सगळी तयारी झाली की एकाच दमात वाजवून भरून घ्या.

डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकांतून) वायर काढा आणि लाइन-इन असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या खोक्यात) घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर घालायची नाही, ते एका माइकसाठी केलेलं असतं आणि आवाज फाटतो. सॉफ्टवेअर म्हणून ऑडेसिटी पुरेसं आहे, ते फुकट आहे. त्यात रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असा ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा लेव्हल लावा. कमी भरलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं कधीच जोडता येत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फाइल दीड जीबीच्या आसपास होईल. होऊ द्या. मूळ प्रत एमपीथ्रीत ठेवू नका. वेव्ह प्रकारची फाइल ठेवा, किंवा फ्लॅक, ज्यात काहीही न गमावता जागा बरीच वाचते. एमपीथ्री फक्त मावशीला व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी.

आता ज्याने खरा फरक पडतो ते. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली गेली त्याचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड एकाच कोनात असेल असं नाही. कोन जरासा हुकला की आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो आणि माणसं म्हणतात, ‘टेप खराब झाली.’ टेप खराब झालेली नसते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवा आणि हेडफोनवर ‘स’, ‘श’ ऐकत राहा. एका जागी ते अचानक लखलखीत होतात. तिथे थांबा. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. कंटाळा करू नका. निवेदिकेचा आवाज खोलीत येऊन बसल्यासारखा स्पष्ट होतो तो याच क्षणी. डॉल्बीचं (टेपची सरसर कमी करणारं) बटण बंद ठेवा, साध्या टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटमध्ये डॉल्बी नसतंच.

वेगही तपासा. कॅसेटमधलं एखादं ओळखीचं गाणं फोनवर लावून बघा. कॅसेट अर्धा सूर वर वाजत असेल तर तिचा वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. ऑडेसिटीत तो नंतर दुरुस्त होतो, पण न दुरुस्त केलेली मूळ फाइलही राहू द्या.

आणि आता माझं कळकळीचं सांगणं: काहीही कापू नका. फाइल हातात आली की गाणं तेवढं ठेवून पुढचं-मागचं उडवायचा मोह होतो. पण गाणं कुठेही मिळेल. त्याच्या आधीची निवेदिका, मधली निरम्याची जाहिरात, ‘व्यत्यय’च्या पाटीपाठोपाठ घरात उठलेला ओरडा, कुकरची शिट्टी, ‘गप्प बसा रे, भरतोय’ म्हणणारे बाबा, हे कुठेच मिळणार नाही. त्या काळचे कित्येक कार्यक्रम आज शोधूनही सापडत नाहीत, आणि सापडले तरी आपण ते कसे बघायचो हे त्यांच्यात नसतं. आवाज साफ करणारी फिल्टरही जपून वापरा. सूंऽ आवाज घालवायच्या नादात टाळ्या आणि तंबोरा दोन्ही पाणचट होतात. साफ केलेली प्रत वेगळी, मूळ प्रत वेगळी.

कॅसेटवर तारीख नसेल तर ती आतूनच शोधायची, आणि यात मला सगळ्यात जास्त आनंद होतो. मधल्या बोलण्यात, जाहिरातीत, बातम्यांत खुणा असतात. ‘हम लोग’ची घोषणा ऐकू आली तर ७ जुलै १९८४ नंतरचं. रविवार सकाळच्या ‘रामायणा’चा उल्लेख असेल तर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ वाजलं तर १५ ऑगस्ट १९८८ च्या आधीचं असूच शकत नाही. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि जून १९९० मध्ये संपलं. गीतमाला रेडिओ सिलोनची की विविध भारतीची ते कळलं तर आणखी सोपं, कारण ती १९८९ मध्ये विविध भारतीवर आली. क्रिकेटचा स्कोअर तर तारखेचा शिक्काच: शारजात मियांदादने शेवटच्या चेंडूवर मारलेल्या षटकाराची चर्चा चालली असेल तर तो एप्रिल १९८६. घरातल्या आवाजांवरूनही कळतं. धाकटा भाऊ बोबडं बोलतोय की नीट, एवढ्यावरून आम्ही एका कॅसेटचं साल पक्कं केलं. एक खूण फक्त ‘याच्या नंतरचं’ सांगते, ‘याच्या आधीचं’ सांगणारी दुसरी खूण मिळेपर्यंत तारीख नक्की लिहू नका. ‘१९८८-८९, अंदाजे’ असं लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही लिहा.

फाइलच्या नावात साल, कार्यक्रम, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू (अ की ब) एवढं असावं. कॅसेटच्या कव्हरचा आणि हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. अक्षर कुणाचं आहे तेही नोंदवा.

व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांची घाई जास्त आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे चालू स्थितीतलं मशीन दिवसेंदिवस दुर्मीळ होतंय. संगणकावर उतरवताना सिग्नल पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) निवडा, सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र बहुधा एनटीएससी, म्हणजे तिकडच्या पद्धतीची असते, तिला तशा सोयीचं मशीन लागतं.

कंपनीची गाणी असलेल्या फाइली इंटरनेटवर जाहीर टाकू नका, घरच्या घरी वाटा. एक प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. कॅसेट फेकायच्या नाहीत, त्या उभ्या ठेवा, स्पीकरच्या चुंबकापासून आणि भिंतीच्या ओलीपासून लांब. आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवून फाइली ऐकवा, या महिन्यातच. मागे कोण बोलतंय, कुणाच्या घरचा टीव्ही होता, कोण गातंय हे त्यांनाच ठाऊक असतं. ते सांगत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये टाका.