दुखण्याची गोळी आणि नेहमीची औषधं : या चुका टाळा

निपाणी-चिकोडीकडचे हृदयरोगी तपासणीला कोल्हापूर-मिरजेला जातात. भातलावणीत कंबर धरली की गोळी मात्र गावच्या मेडिकलमधून येते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरसमोर येत नाहीत. दुकानात जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्याच सोबत न्या.

वॉरफरिन ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी. तिचा सुमारे ९९ टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. काम करतो तो उरलेला सुटा भाग. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन ही दुखण्याची औषधंही तितकीच घट्ट चिकटतात. म्हणून 'दुखण्याची गोळी वॉरफरिनला हुसकावते' असं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. सुटलेलं औषध यकृत मोडून टाकतं, त्यामुळे ही वाढ बहुधा टिकत नाही. फिनाइलब्युटाझोन या जुन्या दुखण्याच्या औषधामुळे वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्राव व्हायचे, तेव्हाही आधी ठपका अल्ब्युमिनवर आला. खरं तर ते औषध यकृतातली वॉरफरिनची मोडतोडच अडवत होतं.

आयब्युप्रोफेनचा मोठा धोका वेगळाच आहे. ते जठराचं अस्तर दुखावतं आणि प्लेटलेट्सचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) काम मंदावतं. आयएनआर (वॉरफरिनमुळे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी तपासणी) २.५ असतानाही शौच डांबरासारखं काळं होऊ शकतं. 'आयएनआर ठीक आहे, मग गोळी चालेल' ही सर्वांत घातक चूक. काळं शौच दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

पॅरासिटामॉल जठराला आणि प्लेटलेट्सना तसा त्रास देत नाही, म्हणून डॉक्टर आधी तेच सुचवतात. तरी ५०० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या रोज, सलग काही दिवस घेतल्या तर आयएनआर चढू शकतो. ३ ते ५ दिवसांत तपासून घ्या. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं, हे विसरू नका.

फेनिटॉइन या फिटच्या औषधाची चूक रिपोर्ट वाचताना होते. पातळी ८ आली (हवी १० ते २०), की डोस वाढवावासा वाटतो. आधी अल्ब्युमिन बघा, कारण हे औषधही त्यालाच चिकटतं; अल्ब्युमिन कमी असलं की एकूण पातळी कमी दिसते, सुटा भाग मात्र पुरेसा असू शकतो. अल्ब्युमिन २ (ग्रॅम प्रति डेसीलिटर) असेल तर दुरुस्तीचं सूत्र असं: ०.२ × २ + ०.१ = ०.५, ८ ÷ ०.५ = १६. म्हणजे डोस पुरेसा आहे. वाढवला तर तोल जातो, डोळे थरथरतात. ॲस्पिरिन मोठ्या डोसात चालू असेल किंवा मूत्रपिंड निकामी असेल तर हे सूत्र फसतं. तेव्हा सुट्या फेनिटॉइनची तपासणी मागा.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाला ॲस्पिरिन हुसकावतंही आणि त्याची मोडतोडही अडवतं. एकूण पातळी नेहमीसारखी दिसते, पण रुग्ण सुस्तावतो, हात कापतात. इथे प्रथिनाची भीती खरी आहे.