जुन्या स्किड स्टीअरला ऑगरसाठी जादा हायड्रॉलिक लाइन

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षमांडवाचे खड्डे घ्यायला स्किड स्टीअरला (छोट्या लोडरला) ऑगर, म्हणजे खड्डा घेणारं फिरतं गिरमिट लावायचं, तर एक-स्पूलचा (स्पूल म्हणजे तेलाची वाट बदलणारा आतला दांडा) ओपन-सेंटर व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हर मध्यावर असताना तेल वाहतं ठेवणारा, अर्धा इंची दोन-वायरचे (तारेच्या दोन थरांचे) होज आणि क्विक कपलरची जोडी पुरते. होज नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात मापाने क्रिम्प करून घ्या.

बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब काढा.

हमखास चूक एकच: मुख्य व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या पोर्टलाच नवा व्हॉल्व्ह जोडतात. ऑगर दगडाला अडला की त्या पोर्टवर पूर्ण दाब येतो, सील फुटतात, कधी बॉडीच तडकते. त्याऐवजी मुख्य व्हॉल्व्हला पॉवर बियॉण्ड स्लीव्ह (पूर्ण दाबाचं तेल टाकीच्या वाटेपासून वेगळं काढून पुढच्या व्हॉल्व्हला देणारा भाग) बसवून नव्या व्हॉल्व्हला तेल द्या. दोन्ही व्हॉल्व्हचे रिटर्न मात्र वेगळे काढून टाकीला न्या. स्लीव्ह मिळत नसेल तर पॉवर बियॉण्ड आणि रिलीफ (जादा दाब सोडणारा भाग) असलेला नवा व्हॉल्व्ह पंपानंतर पहिला बसवा.

स्पूल हायड्रॉलिक मोटरसाठीचाच मागा. सिलिंडरच्या स्पूलने फिरता ऑगर झटक्यात थांबतो आणि मोटरचं सील जातं. स्वस्तात मिळाला म्हणून तो घेऊ नका.

बीएसपी आणि जेआयसी या दोन वेगळ्या मापांचे आटे मिसळले की गळती ठरलेली. ती पुठ्ठ्याने शोधा, हाताने कधीच नाही. तेलाची बारीक धार कातडीत घुसते.