वापरलेली बोट घेतलीत? मांडव्याला निघण्याआधी डिझेलची टाकी बघा
बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटीचं इंजिन तासभर सुरळीत चाललं, म्हणून निर्धास्त होऊ नका. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ आणि पाणी साचलेलं असतं. मुंबईत कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाबाहेर लाटा लागल्या की ते ढवळून निघतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं भर समुद्रात बंद पडतं. म्हणून आधी टाकी उपसून साफ करून घ्या. दोन-तीन जादा फिल्टर सोबत ठेवा आणि फिल्टर बदलून इंधनातली हवा काढण्याचा सराव धक्क्यावरच करा. हे काम मेकॅनिकवर सोडू नका. तिथे तो नसेल.

नांगर दोरासकट हाताशी, सोडायला तयार हवा. इंजिन थांबलं तर बोट वाहून जाण्यापासून तोच वाचवतो.

दिवस अष्टमी-नवमीच्या आसपासचा, भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीचा निवडा. उधाणाला ओढ फार जोराची असते. सकाळीच निघा, दुपारी खारा वारा वाढतो. कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळा. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, म्हणजे संकटात मदत मागायचा चॅनल, चालू ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आणि घरच्यांकडेही असू द्या.