अल्जेरियाच्या लढ्यावरचं जाडजूड पुस्तक कसं संपवायचं (दोनदा सोडून दिलेल्या माणसाकडून)

नागपूरच्या बर्डीवर फुटपाथवरून अल्जेरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचं (१९५४ ते १९६२) एक जुनं जाड पुस्तक उचललं होतं, भाव पाहून घेतलं खरं सांगायचं तर, आणि मे महिन्यात कूलरसमोर बसून ऐंशीएक पानं वाचली न् ठेवून दिलं, पावसाळ्यात परत तेच. तिसऱ्यांदा संपलं. या वेळी काय वेगळं केलं ते सांगतो.

आधी नकाशा. मोबाईलवर नको, कागदावर काढा, वाकडातिकडा चालतो. वर समुद्रकिनाऱ्याची पट्टी, तिथे राजधानी अल्जियर्स, पूर्वेकडे ऑरेस डोंगर, खाली सगळं सहारा. त्याच कागदाच्या मागे नावं लिहायची. एफएलएन म्हणजे लढणारी संघटना, एएलएन तिची फौज, एमएनए हे मेसाली हाज या जुन्या नेत्याचे लोक, म्हणजे एफएलएनचे घरातलेच वैरी, आणि ओएएस हे शेवटी शेवटी बॉम्ब फोडणारे फ्रेंच कट्टर. मी हे केलं नव्हतं म्हणूनच दोनदा आपटलो भाऊ. आणि एफएलएनचा नेता बेन बेला, त्याला पुस्तकाचा हिरो समजून बसू नका, १९५६ च्या ऑक्टोबरात त्याचं विमानच फ्रेंचांनी वळवून उतरवून घेतलं, तो थेट १९६२ पर्यंत तुरुंगात.

पुस्तक बहुतेक १ नोव्हेंबर १९५४ च्या रात्रीपासून, म्हणजे एफएलएनच्या पहिल्या हल्ल्यांपासून उडी मारतं, स्फोट, गोळीबार, मस्त वेग. तिथे थांबून आधी ८ मे १९४५ चं पान शोधा. युरोपात युद्ध जिंकल्याचा जल्लोष चालू आणि अल्जेरियातल्या सेतिफ शहरात त्याच दिवशी अल्जेरियाचा झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार, मग दंगल, त्यात शंभरेक युरोपियन मेले, त्यानंतर फौजेनं हजारोंना मारलं. हे वाचलं नाही तर १९५४ आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

दुसरं, आपल्या चष्म्यातून बघायचं पण जपून. आपलं नागपूर इंग्रजांनी १८५४ ला खालसा केलं, पण नागपूर म्हणजे इंग्लंडचाच जिल्हा असं लंडनला कोणी म्हणत नव्हतं. फ्रान्स मात्र अल्जेरियाला आपलाच भाग म्हणायचा, कागदोपत्री तिथे फ्रेंच जिल्हे होते आणि दहाएक लाख युरोपियन पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. म्हणून १९४७ सारखं झेंडा उतरवून निघून जाणं तिथे सोपं नव्हतं. पहिल्या दोन वेळी मला हेच कळत नव्हतं की हे लोक एवढे का चिकटून बसलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक कोणत्या साली छापलंय ते पहिल्याच दिवशी बघा. लार्बी बेन म्हिदी हा मोठा नेता १९५७ मधे अल्जियर्सला पकडला गेला, कोठडीत मेला, फ्रेंच फौज म्हणाली आत्महत्या. ऑसारेस नावाच्या फ्रेंच जनरलनं २००१ मधे कबूल केलं की आम्हीच फास दिला, आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ते मान्य करायला २०२४ उजाडलं. माझी प्रत १९७० च्या दशकातली, म्हणजे लेखक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे हा कबुलीजबाब असणारच नाही. असा प्रसंग आला की पेन्सिलनं समासात खूण करायची आणि नंतर नवीन काही आलंय का शोधायचं. शब्दांचंही तेच, फ्रान्सनं याला कायद्यानं ‘युद्ध’ म्हटलं १९९९ मधे, तोवर ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’. १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर यावर आपल्याकडे घरोघरी भांडणं झालीत, तर हे आपल्याला लवकर समजतं.

मेलेल्यांचा आकडा एकच पाठ करू नका. अल्जेरिया पंधरा लाख सांगते, बरेच इतिहासकार त्याहून खूपच कमी. कोणाचा आकडा घेतला आणि का, हे लेखक सांगतो का तेवढं बघा. संवाद अवतरणचिन्हात असतील तर ते कोणी ऐकले हेही विचारा, बंद खोलीतलं बोलणं फारच फिल्मी वाटलं तर मी मागच्या टिपा उघडतोच.

आणि ५ जुलै १९६२ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशी, पुस्तक मिटू नका, मी दमून मिटणारच होतो. फ्रेंचांच्या बाजूनं लढलेले अल्जेरियन, ज्यांना हार्की म्हणतात, त्यांच्यातल्या हजारोंची कत्तल त्यानंतर झाली. माझ्या प्रतीत त्यांना किती पानं दिलीत ते मी मोजलं, तुम्हीही तुमच्या प्रतीत मोजा.