पद्मिनीच्या चाकात ब्रेक ऑइल गळतंय? व्हील सिलेंडर घरी कसा दुरुस्त करावा

ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी दर पंधरा दिवसांनी थोडी खाली जाते आणि आपण ती भरत राहतो, असं चाललं असेल तर ते आजच थांबवा. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. लायनर (ड्रमवर घासून गाडी थांबवणारा, ब्रेक शूवरचा थर) झिजतात तशी पातळी कित्येक महिन्यांत किंचित उतरते, तेवढं ठीक. दोन-तीन आठवड्यांत बोटभर उतरली, तर ऑइल बाहेर पडतंय, आणि जुन्या गाडीत ते बहुधा चाकाच्या ड्रममध्ये पडतंय.

मी इथे प्रीमियर पद्मिनी धरून लिहितोय, कारण माझे हात याच गाडीवर बसले आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर ऑइलवर दाब देतो, आणि त्या दाबाने प्रत्येक चाकातल्या व्हील सिलेंडरचे पिस्टन सरकून लायनर ड्रमवर दाबतात. ज्या गाड्यांना सिंगल मास्टर सिलेंडर आहे, त्यांत चारही चाकांचं ऑइल एकाच लाइनने जातं. एका चाकाचा सिलेंडर पूर्ण सुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

गळती का होते

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० पर्यंत उतरते. मुंबई-कोकणच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे पाणी हळूहळू व्हील सिलेंडरच्या तळाशी जमतं. सिलेंडर बिडाचा, त्यामुळे तिथे गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. पिस्टनजवळ ऑइल अडवणारा रबराचा कप त्या खड्ड्यांवरून सरकला की त्याची कड फाटते. नवे लायनर टाकल्यावर लगेच गळती सुरू झाली, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तिचं कारणही हेच: जाड लायनरमुळे पिस्टन मागे सरकतात आणि कप बोअरच्या (सिलेंडरच्या आतल्या पोकळीच्या) अशा भागात जाऊन बसतो, जिथे इतकी वर्षं नुसता गंज साचत होता.

आधी चाक शोधा

रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कोणत्या कागदावर डाग आहे ते बघा आणि त्या चाकाच्या मागची प्लेट आणि टायरची आतली भिंत बोटाने चाचपा.

मागच्या चाकाजवळ ओल दिसली तर घाई करू नका. तिथे अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइलही येतं, आणि दुरुस्ती वेगळी असते. वाटीत पाणी घ्या, त्यात त्या ओलीचा थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वासही असतो.

बाहेर कुठेच ओल नाही, पातळीही उतरत नाही, पण पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं, असं असेल तर दोष मास्टर सिलेंडरच्या आतल्या कपात आहे. चाकं उघडून उपयोग नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुतेक वेळा विरुद्ध बाजूचा लायनर ऑइलने भिजलेला असतो.

सामान

ब्रेक ऑइलचा नवा, सीलबंद डबा घ्या. अर्धा वापरून वर्षभर ठेवलेला नको. कप आणि बुटांचं (सिलेंडरच्या तोंडावरच्या रबरी टोप्यांचं) किट, पाइपच्या नटाला चहूबाजूंनी धरणारा पाना, पारदर्शक रबरी नळी, जुनी काचेची बाटली आणि दोन मजबूत घोड्या (उचललेल्या गाडीला आधार देणारे स्टँड) हव्यात. किटचं माप जुन्या सिलेंडरवर किंवा कपावर उठवलेलं असतं. जुना कप सोबत नेऊन जुळवून घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे फिरलं की जुन्या फियाटचं सामान अजून मिळतं. पूर्ण नवा सिलेंडर मिळत असेल तर मी तोच घेईन. मात्र दुकानात बूट उचलून आत बघा. वर्षानुवर्षं फळीवर पडलेल्या 'नव्या' सिलेंडरलाही गंज असतो.

चाक उघडणं

सपाट जमिनीवर गाडी उभी करा, जे चाक उचलायचं नाही त्याला पुढून-मागून दगड किंवा पाचर लावा, जॅकने उचला आणि वजन घोडीवर द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका.

ड्रम अडकला असेल तर अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल करा, हबच्या (ड्रम जिथे बसतो त्या मधल्या भागाच्या) कडेला गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ थांबा आणि लाकडी हातोडीने फिरवत फिरवत ठोका. लोखंडी हातोडीचा घाव बसला की बिडाचा ड्रम तडकतो.

आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने धूळ ओली करून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

मग फोटो काढा: कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, कोणता शू पुढे. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. आता सिलेंडरच्या रबरी बुटाची कड अलगद उचला. किंचित दमटपणा चालतो. थेंब पडला, तर गुन्हेगार सापडला.

पाइपचा नट सोडवताना पाइप स्वतः पिळत नाही ना, इकडे डोळा ठेवा. पिळत असेल तर जबरदस्ती करू नका. तेल मारून संध्याकाळपर्यंत सोडा, तरीही पिळला तर तो पाइप नवा करून घ्या.

सिलेंडर: रबर बदलायचं की सिलेंडर?

नुसतं रबर बदलायचं की सिलेंडरच, याचा निर्णय किट बघून करू नका, बोअर बघून करा.

पिस्टन, कप आणि मधली स्प्रिंग बाहेर काढा. बोअर डिनेचर्ड स्पिरिटने किंवा नव्या ब्रेक ऑइलने धुवा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही नको. आमच्या १९७८च्या गाडीचे कप एका गॅरेजमध्ये पेट्रोलने धुतलेल्या सिलेंडरमध्ये बसवले गेले. आठवड्याभरात रबर फुगलं, पिस्टन अडकले आणि ड्रम हात लागणार नाही इतका तापला. खनिज तेलाचा अंशही या रबराला सोसत नाही.

कोरड्या बोअरमध्ये टॉर्च मारा आणि तळाच्या बाजूने नख फिरवा. नुसता रंग बदललेला असेल तर बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवत साफ करा, लांबीच्या दिशेने घासू नका. नख अडकलं तर तो सिलेंडर संपला. घासून खड्डा काढायला गेलात तर बोअर मोठा होतो आणि नवा कप सैल बसतो. अशा वेळी नवा सिलेंडर, किंवा तो मिळत नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (बोअरमध्ये आतून बसवायची नळी). खड्डे असलेल्या बोअरमध्ये नवं किट टाकणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच काम.

कप बसवताना तो ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, त्याची पोकळ बाजू आत, म्हणजे ऑइलच्या दाबाकडे ठेवा आणि बोटांनीच सरकवा. स्क्रू ड्रायव्हरने ढकलला की कड कापली जाते.

ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून कोरडे करायची पद्धत गॅरेजांत दिसते. मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर परत वर येतं. ते बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर गाडी ओढणारच. ड्रमही साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा.

पुढे डिस्क असलेली जुनी गाडी असेल तर कॅलिपरलाही हाच नियम लागतो, फक्त गंज शोधायची जागा वेगळी. तिथे चौकोनी कडेचं सील कॅलिपरच्या खोबणीत स्थिर असतं आणि पिस्टन त्यातून सरकतो, म्हणून पिस्टनच्या अंगावरचा क्रोम तपासायचा. क्रोम उडून खड्डे पडले असतील तर पिस्टन बदला. खोबणीतला गंज लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने खरवडा. पिस्टन हवेच्या दाबाने काढायचा असेल तर समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, हवा अगदी कमी सोडा आणि बोटं लांब ठेवा. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

हवा काढणं

पाइप सोडला की लाइनमध्ये हवा शिरते, ती काढावी लागते. मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम येतो. व्हील सिलेंडरवरच्या निप्पलला (हवा काढायच्या स्क्रूला) नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल दाबून धरेल, तुम्ही निप्पल पाव आटा सोडा, बंद करा, मग "सोड" म्हणा. आवाज देऊनच करा. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच, आणि वरची बाटली मधेच रिकामी होऊ देऊ नका.

पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरचा पिस्टन शेवटपर्यंत जात नाही, त्या टोकाला गंज असतो. हवा काढताना पेडल पूर्ण दाबलं की धडधाकट कप त्या गंजावर फाटतो आणि एका दुरुस्तीतून दुसरी निघते.

बॉडीवर सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

तपासणी

अ‍ॅडजस्टर लावून चाक हाताने मोकळं फिरतंय ना बघा. पेडल जोरात दाबून पूर्ण मिनिटभर धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड टॉर्चने बघायला सांगा. पेडल तसूभरही खाली जाता कामा नये. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने चार-पाच ब्रेक, नंतर थोड्या वेगाने. परत आल्यावर ड्रमना हात लावा: एकच जास्त तापला असेल तर तिथला पिस्टन परत येत नाहीये, ते चाक पुन्हा उघडा. त्या रात्री चाकांखाली कोरडं वर्तमानपत्र पुन्हा पसरा. सकाळी चारही कागद कोरडे निघाले, तर बाटलीच्या झाकणावर आजची तारीख लिहून चिकटवा, आणि दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, सगळं ऑइल बदला.