कामगारांचा वाद लवादाकडे नेण्यापूर्वी

सांगली-साताऱ्याकडे ‘लवाद’ म्हटले की ऊसतोड मजुरांच्या दरवाढीसाठी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांनी बसून काढलेला तोडगा आठवतो. त्या लवादाचे बळ दोघांच्या शब्दात होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत पगारवाढीवरून किंवा पाळ्यांवरून वाद पेटला, तर मात्र शब्द पुरत नाही, कागद लागतो.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कलम ४२ नुसार मालक आणि कामगार लेखी करार करून वाद लवादाकडे सोपवू शकतात. हा मार्ग सर्वस्वी स्वखुशीचा आहे. एका बाजूने नकार दिला की तो तिथेच संपतो. करारात लवादाचे नाव असावे लागते आणि लवाद सम संख्येने नेमले असतील तर मतभेद मिटवणारा पंचही आधीच ठरवावा लागतो. कराराची प्रत शासनाकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वादात तडजोड घडवून आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो वादाचा प्रश्न लिहिण्यासाठी, कारण लवादाचा अधिकार त्या प्रश्नाच्या चौकटीपुरताच असतो. ‘कामगारांच्या मागण्यांबाबत निर्णय द्यावा’ एवढेच लिहिले, तर निम्म्या सुनावण्या मागण्या कोणत्या यावरच खर्ची पडतात. त्याऐवजी ‘मोल्डिंग विभागातील कायम कामगारांना अमुक तारखेपासून दरमहा किती वाढ द्यावी आणि मागील फरक किती हप्त्यांत द्यावा?’ असे लिहावे. फरकाचा उल्लेख हमखास राहून जातो, आणि नंतर भांडण नेमके त्यावरूनच होते.

नियुक्तिपत्रात ‘सर्व वाद कंपनीने नेमलेल्या लवादाकडे जातील’ असे कलम असले तरी कामगाराने घाबरून जाऊ नये. बडतर्फीसारखे जे वाद कामगार कायद्याने खास न्यायाधिकरणाकडे सोपवले आहेत, ते अशा खासगी लवादाकडे नेता येत नाहीत, अशी न्यायालयांची भूमिका आहे. त्यामुळे त्याने आधी समेट अधिकाऱ्याकडेच जावे. व्यवस्थापक किंवा दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक मात्र संहितेच्या व्याख्येनुसार ‘कामगार’ ठरत नाही. त्याच्या करारातील लवादाच्या कलमाला १९९६ चा लवाद व समेट कायदा लागू होतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या नोकराला किंवा सल्लागाराला तिथे लवाद म्हणून बसता येत नाही. वाद उद्भवल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली, तरच हा अडसर दूर होतो, म्हणून पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये.

१९९६ च्या कायद्याखालच्या निवाड्याला आव्हान देण्यासाठी, निवाडा हाती पडल्यापासून ३ महिने मिळतात. सबळ कारण असेल तर न्यायालय आणखी ३० दिवस देऊ शकते, त्यापुढे एकही नाही. म्हणून टपाल आले की त्याच दिवशी पाकिटावर तारीख लिहावी आणि पाकीट निवाड्याच्या प्रतीलाच टाचून ठेवावे.