खोसा बायबल आणि ॲपलयार्ड यांच्यावर लिहिताना या चुका टाळा

मिशनऱ्यांच्या भाषाकार्यावर मराठीत लिहायला घेतलं की पहिलं वाक्य हमखास ठरलेलं असतं: 'अमुक पाद्रींनी स्थानिक भाषेत बायबल आणलं.' दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेबाबत हा मान मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी जॉन व्हिटल ॲपलयार्ड यांना एकट्याला दिला जातो. त्यांचं काम मोठं आहेच, पण या एका वाक्यात बरीच माणसं गडप होतात.

सगळं श्रेय एकाच नावावर

हा क्रम हाताशी ठेवा. खोसा भाषा लिहून काढायला सुरुवात केली ती प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी. त्यांतलं महत्त्वाचं नाव जॉन बेनी. त्यांच्या मिशनकडे छापखाना १८२३ मध्ये आला. मग मेथडिस्ट विल्यम बॉइस यांनी १८३४ मध्ये खोसाचं पहिलं छापील व्याकरण काढलं. त्यांना मदत करणारा थिओफिलस शेपस्टन तेव्हा किशोरवयीन होता. मिशनऱ्याचा मुलगा, खोसा ऐकतच वाढलेला. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, १८४६ मध्ये आला, ॲपलयार्ड यांचा व्याकरणग्रंथ १८५० मध्ये आणि संपूर्ण बायबल १८५९ मध्ये. त्यातही बर्लिन मिशनच्या जर्मन मंडळींचा हात होता. ज्या खोसा लोकांना विचारून विचारून हे शब्द जमवले, त्यांची नावं मात्र मुखपृष्ठावर आली नाहीत. निदान आपल्या लेखात त्यांच्यासाठी एक परिच्छेद तरी ठेवा.

व्याकरणाचं काम रुक्ष समजून गाळणं

माझ्या मते खरी कमाल इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नका. बॉइस यांनी उलगडलेला नियम असा: नामाच्या सुरुवातीचा आवाज पुढे वाक्यभर फिरतो. 'अबांतु बाम बायाहांबा' म्हणजे माझी माणसं चालली आहेत. 'इझिंजा झाम झियाहांबा' म्हणजे माझे कुत्रे चालले आहेत. 'बा' आणि 'झ' पुन्हा पुन्हा कसे येतात ते मोठ्याने म्हणून बघा. मराठीत लिंग-वचनाप्रमाणे विशेषणाचा आणि क्रियापदाचा शेवट बदलतो, इथे आरंभ बदलतो. हे कळण्याआधीचा अनुवाद शब्द बरोबर पण वाक्य मोडकं, असाच होणार होता. लेखात असं एक उदाहरण दिलंत तर वाचकाला अनुवादकाची अडचण पटकन कळेल.

नावाचा उच्चार

'झोसा' लिहू नका. त्या नावातला पहिला आवाज जिभेची कड गालाकडून सोडून काढतात, घोडा हाकताना काढतो तसा. आणखी एक आवाज आपण हळहळताना 'च्च्' करतो त्याच्या जवळचा. देवनागरीत यांना अक्षर नाही, त्यामुळे 'खोसा' हे रूढ रूप चालेल. खुलासा एकदाच करा.

शोधूनही जुनी कागदपत्रं सापडत नाहीत?

कारण बहुधा नावात असतं. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज या भाषेला 'काफिर' म्हणत. बॉइस आणि ॲपलयार्ड यांच्या ग्रंथांच्या शीर्षकांतही तोच शब्द आहे. शोधासाठी तो शब्द वापरावा लागतो, पण स्वतःच्या लेखनात तो नको. दक्षिण आफ्रिकेत ती अत्यंत जिव्हारी लागणारी शिवी आहे. गावांची नावंही बदललीत: ग्रॅहम्सटाऊन २०१८ पासून माखांडा झालं.

काळ विसरणं

ॲपलयार्ड माऊंट कोक या मिशन-ठाण्याच्या छापखान्यात काम करत होते तेव्हा आसपास शांतता नव्हती. १८४६ ते १८५३ या काळात ब्रिटिश वसाहतीच्या सरहद्दीवर दोन युद्धं झाली. १८५६-५७ मध्ये नोंगकाउसे या मुलीच्या भविष्यवाणीवर विश्वास ठेवून लोकांनी आपली गुरं मारली, पिकं टाकून दिली. अंदाजे ४० हजार माणसं भुकेने गेली. दोनच वर्षांनी बायबल पूर्ण झालं. हा दुष्काळ गाळून त्या छापखान्याची गोष्ट सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

१८५९ ला पूर्णविराम देणं

त्या अनुवादावर टीका झाली आणि सुधारणेसाठी मंडळ नेमलं गेलं. त्यात तियो सोगा होते, स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्ये दीक्षित झालेले खोसा पाद्री. इंग्रज लेखक जॉन बनियनच्या 'यात्रेकरू' ('पिलग्रिम्स प्रोग्रेस') या धार्मिक रूपककथेचा पहिला भाग त्यांनीच खोसात आणला. पुढेही सुधारणा होत राहिल्या, १९९६ मध्ये नवा अनुवाद आला. म्हणून खोसा बायबलमधलं वचन उद्धृत करताना ते कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतलं, हे सोबत जरूर लिहा.